येऊरच्या डोंगरावरचे भावोजी

वरणावर तूप बेताचं पडलं तर भरल्या पानावरून उठणारा माणूस जंगलात जाऊन उकडलेले करांद्याचे कंद खातो, यावर माझा विश्वास बसावा तरी कसा? माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान असे होते. ठाण्याच्या कचेरीत मानाची जागा, तळ्याजवळ स्वतःचं घर, परसात गोड्या पाण्याची विहीर, झोपायला शिसवी पलंग. एका चैत्रात त्यांनी हे सगळं सोडलं आणि नेसत्या धोतरानिशी, खांद्यावर घोंगडी टाकून ते येऊरच्या डोंगरात निघून गेले. ठाकरांच्या पाड्याच्याही वर, झऱ्याकाठी त्यांनी खोप बांधली.

गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. मी तेव्हा कल्याणला मास्तर होतो. सुट्टीत आगगाडीने अक्काकडे आलो की स्टेशनापासून घरापर्यंत लोक मला अडवून सांगत, "तुमचे मेहुणे म्हणजे साक्षात ऋषी हो!" वाघ म्हणे त्यांच्या खोपीशी येतो आणि मान लववून जातो. "मान लववताना पाहिलं कोणी?" असं मी विचारलं की ते माझी कीव करत. लोक नारळ घेऊन डोंगर चढू लागले आणि बघता बघता आमचे भावोजी 'स्वामी' झाले.

मला सगळ्यातच काळंबेरं दिसायचं. कोणीतरी गुपचूप शिधा पोचवत असणार, आणि ते कोणीतरी अक्काच असणार, हे मी धरूनच चाललो होतो. एकदा तिला सरळ विचारलं. जात्यावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "पाठवला असता रे. घेतला असता का त्यांनी?" हे उत्तरसुद्धा मला तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. असा मी.

आणि तरी खरं सांगायचं तर वर्गात पाढे घोकून घेताना त्या झऱ्याचा विचार मनात यायचा. आपल्याला हे जमलं नसतं, असं वाटायचं. बहुधा म्हणूनच ते त्यांनाही जमलेलं नसावं अशी माझी इच्छा होती.

पुढच्या वर्षी भाचीचं लग्न कल्याणच्या एका चांगल्या घरात ठरत आलं, आणि वरपक्षाकडून विचारणा झाली. मुलीचा बाप गृहस्थ आहे की संन्यासी? गृहस्थ असेल तर त्याने कन्यादानाला बसलं पाहिजे. संन्यासी असेल तर मामाने कन्यादान करावं, आमची ना नाही. पण संन्यास घेतलेला माणूस पुन्हा संसाराच्या पाटावर येऊन बसला तर तो आरूढपतित, धर्मभ्रष्ट. त्या मांडवात आम्ही पाणीसुद्धा घेणार नाही.

गावाने इतक्या कौतुकाने त्यांना स्वामी केलं होतं, ते असं भोवलं. आता ते खाली उतरले तर लग्न मोडणार. ज्याने त्याने मला तेच सांगितलं, "मास्तर, तुम्हीच बसा, सुटसुटीत होईल." मी तयार होतो. अक्का मात्र हटून बसली.

"तू बसलास तर कन्यादानाची धार तुझी बायको सोडील," ती म्हणाली. "मग मी कुठे उभी राहू? माझ्या पोरीच्या लग्नात मी सवाष्ण की कोण, ते सांग मला." तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी, कुणाला न सांगता, मी डोंगर चढलो. न सांगता, कारण त्यांना आवराआवरीला वेळ द्यायचा नव्हता. खोपीत कोणी नव्हतं. मी आधी मडक्यावरचं झाकण काढलं. आत करांदे होते आणि पानावर चिमूटभर मीठ. मी घोंगडी झटकली, गवताचं अंथरुण उचकलं, छपराच्या पेंढ्यात हात घातला.

"तूप शोधतोस होय?" मागून आवाज आला. भावोजी पाण्याचा घडा घेऊन उभे होते. बरगड्या मोजाव्यात इतके वाळलेले, टाचा भेगाळलेल्या, आणि चेहरा असा निवांत की मी खजील झालो. त्या क्षणी मला त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. हा माणूस खोटा नव्हता.

मी अक्काचं आणि वरपक्षाचं सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं. शेंडी होती. खांद्यावरचं जानवं बोटाने उचलून दाखवलं. "संन्यास घेताना ही दोन्ही टाकावी लागतात," ते म्हणाले. "मी दीक्षा घेतलेलीच नाही. लोक काय वाटेल ते म्हणतात, त्याला मी काय करू? येईन मी."

ते आले. नवऱ्यामुलाच्या आजोबांनी मांडवातच शेंडी आणि जानवं निरखून पाहिलं आणि मान डोलावली. भावोजींच्या शेजारी पाटावर बसून अक्काने धार सोडली. तिने हातभर हिरवा चुडा भरला होता. इतकी ऐटीत बसलेली अक्का मी तिच्या स्वतःच्या लग्नातही पाहिली नव्हती.

वरात गेली, मांडव सुना झाला. भावोजींनी पुन्हा डोक्याला फडकं गुंडाळलं आणि घोंगडी उचलली. मी त्यांच्यासोबत निघण्यासाठी वहाणा चढवत होतो. डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्यांना पोचवावं, असं पहिल्यांदाच मला मनापासून वाटत होतं. सहज म्हणून विचारलं, "पण भावोजी, इतकं सगळं सोडलंत, मग दीक्षाच का नाही घेतलीत?"

उत्तर दिलं ते अक्काने, दारातून.

"दीक्षेला बायकोची संमती लागते. भटजींना विचारलं मी आज." मग ती त्यांच्याकडे वळली. "आपण मला कधी विचारलंच नाहीत."

भावोजी अंगणात थांबले. म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस."

"हो," अक्का म्हणाली, "म्हणाले असते."

ते खाली मान घालून फाटकाबाहेर पडले. मी वहाणा काढून ठेवल्या आणि घरात गेलो.