डागपुसे आणि डासांच्या बाई

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत अडतीस वर्षं टचिंग करणाऱ्या या गृहस्थांचं खरं आडनाव आता फक्त लाइट बिलावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना डागपुसे म्हणत. नवरीच्या गालावरची पुळी, पासपोर्टच्या फोटोतली डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या मानेवरचं घामोळं. आधी बारीक ब्रशने आणि पुढे कॉम्प्युटरवर त्यांनी सगळं पुसलं होतं. पुसणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच फोटोखाली आलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शास्त्रज्ञांच्या फोटोंचं प्रदर्शन संध्याकाळी पाचला उघडणार होतं. बावीस फोटो. ते काढणाऱ्या मुलीने छपाईचं सगळं काम डागपुशांकडे दिलं होतं, आणि दारावरच्या पाटीवर तिच्या नावाखाली त्यांचंही नाव येणार होतं. झेरॉक्सवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा बूट पुसताना बघून सून म्हणाली की बाबा, आमच्या लग्नातही तुम्ही एवढे नटला नव्हतात.

"ते लग्न तुमचं होतं," डागपुसे म्हणाले. "हे माझं आहे."

अकराला ती मुलगी छापलेले फोटो बघायला स्टुडिओत आली. एकेक फोटो उलटत, खूश होत ती एकोणिसाव्यापाशी आली आणि थांबली. डासांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा तो फोटो. बाही कोपराच्या वर सरकवलेली, हात डासांनी भरलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातून नुकताच बाहेर काढलेला.

"काका, हातावरचे चट्टे कुठे गेले?"

"पुसले." डागपुशांची छाती फुगली. "चार तास लागले. एक जरी सापडला तर दाखव."

मुलगी स्टुलावर बसली. मग तिने सांगितलं, की डासांच्या मादीला रक्त मिळाल्याशिवाय अंडी होत नाहीत, म्हणून या बाई अकरा वर्षं रोज स्वतःचा हात त्या पिंजऱ्यात घालतात. फोटो त्या चट्ट्यांचाच होता. आणि बाई पाचला येणार होत्या.

डागपुशांच्या तोंडचं पाणी पळालं. पुसापुशीच्या भरात त्यांनी हीच गफलत केली होती: गिऱ्हाईक न सांगता जे मागतं, तेच या बाईंनाही हवं असणार असं धरलं होतं. मुलगी समजूत घालत होती, की तेवढी एक जागा रिकामी ठेवू. मूळ फोटो तिच्याकडे होता, पण नवा छापला तरी शाई दिवसभर मुरल्याशिवाय वर काच बसवता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रिकामी नको," डागपुसे म्हणाले. "बिनकाचेचा लावू. आणि एकवीसच नीट जमले म्हणून पाटीवरचं माझं नाव काढ."

"आधी छापा तर," ती म्हणाली.

ते कामाला भिडले. पहिला कागद लालसर आला म्हणून फेकला. दुसऱ्यात चट्टे फिके वाटले. तिसरा मशीनमधून बोटाबोटाने बाहेर सरकू लागला तसे डागपुसे वाकून मोजायला लागले. कोपरापर्यंत त्रेसष्ट. आयुष्यात पहिल्यांदाच ते डाग मोजत होते, आणि एखादा राहिला तर नाही ना या धाकाने पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. चारला ते बिनकाचेची चौकट छातीशी धरून रिक्षात बसले. जेवणाचा डबा टेबलावर तसाच राहिला.

पाचला दालन भरलं. दातांचे डॉक्टरसुद्धा आले. डासांच्या बाई लहानखुऱ्या, चष्म्याच्या. आपल्या फोटोसमोर उभ्या राहून त्यांनी बाही वर केली आणि हात फोटोतल्या हाताशेजारी धरला.

"हुबेहूब," बाई म्हणाल्या. "काच नाही हे बरं झालं, माझ्या मुली अगदी जवळ आल्यासारख्या वाटतात." डासांना त्या मुली म्हणत. मग त्या फोटोत आणखी वाकल्या. "पण त्या दिवशी माझ्या नाकावर भलीमोठी पुळी होती. ती दिसत नाही."

फोटो काढणाऱ्या मुलीने डागपुशांकडे पाहिलं. डागपुशांनी पाटीकडे पाहिलं. तिथे त्यांचं नाव, खऱ्या आडनावासकट, होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ती काही डासांची नव्हती."