मास्तरांनी उजवीकडे नेलेला माणूस

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला लोक मरेपर्यंत मास्तरच म्हणतात, मग तो पुढे कितीही चित्रं काढो. हे मास्तर निसर्गचित्रं काढत. निसर्ग म्हणजे काय, तर घराजवळच्या बागेतलं तळं आणि तळ्याकाठचं बाक. ते बाक त्यांनी इतक्या वेळा काढलं की शेवटी बायको म्हणाली, "आता त्या बाकालाच तुमचा कंटाळा आला असेल. जा कुठेतरी लांब. माझ्याही डोक्याला जरा शांतता."

मास्तरांना ते झोंबलं, कारण ते खरं होतं. हात चालत होता, पण चित्रात जीव नव्हता. म्हणून त्यांनी कधी नावही न ऐकलेलं एक डोंगराळ गाव निवडलं, दोन बस बदलून तिथे पोचले आणि एका मेंढपाळाच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. घरात नवरा-बायको दोघंच, आणि भिंतीपलीकडे मेंढ्या. वासाची सवय व्हायलाच चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी गाडी रुळावर आली. सकाळपासून मास्तर समोरचा डोंगर रंगवत एका खडकावर बसले होते. दुपारी डावीकडच्या कड्याखाली मेंढपाळ काठी टेकत चढताना दिसला, मुंगीएवढा. दोन फटकाऱ्यांत त्यांनी त्याला कागदावर घेतलं. परत आल्यावर चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, तर डावी बाजू जड वाटली. मग जन्मभर मुलांना जे शिकवलं तेच केलं. डावीकडचा माणूस ओल्या ब्रशने पुसला आणि उजवीकडे ओढ्यापाशी काढला. चित्राचा तोल साधला. कितीतरी वर्षांनी मास्तर स्वतःवर खूश झाले आणि तासभर चित्रासमोरून हलले नाहीत.

दिवेलागणीला मेंढ्या आपल्या आपण परतल्या. मेंढपाळ आला नाही. त्याची बायको खोलीच्या दाराशी आली.

"मास्तर, तुम्ही दिवसभर वर होता. हे कुठे दिसले का तुम्हाला?"

"दिसला की," मास्तरांनी चित्राकडे बोट केलं. "हा काय, ओढ्यापाशी."

ते खोटं बोलले नाहीत. तासभर चित्राकडे टक लावून बसलेल्या माणसाला मग डोंगरही चित्रातलाच आठवतो. पण खोटं नव्हतं म्हणून काय झालं?

तिने ते चित्र उचलून नेलं आणि गावातल्या आठ-दहा जणांना दाखवलं. दोन दिवस त्यांनी ओढा पिंजून काढला. डावीकडे कड्याखाली दगडाची जुनी खाण आहे, तिथेही बघू या, असं एकजण म्हणाला. "मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलंय," शेजारी म्हणाला, "उगाच तंगड्या कशाला तोडायच्या?" माणसं थोडी आणि डोंगर मोठा. सगळे पुन्हा ओढ्याकडेच गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेमकी जागा दाखवायला म्हणून मास्तर पुन्हा त्या खडकावर जाऊन बसले. समोर डावीकडे कडा होता. आपले दोन फटकारे कुठे पडले होते ते त्यांना आठवलं. ओरडत, घसरत ते खाली आले.

मेंढपाळ खाणीच्या खड्ड्यात सापडला. पाय मोडला होता. जीव त्याच पहाटे गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्याने हाका मारल्या असणारच, पण ऐकणारे सगळे डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होते.

माती झाल्यावर मास्तरांना गुपचूप बस धरता आली असती. कोणाला काही कळलं नव्हतं. म्हाताऱ्याला जागा उशिरा आठवली, एवढंच लोक समजत होते. पण ते तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"पोरी, तो डावीकडेच होता. चित्रात मी त्याला उजवीकडे नेला."

"का?"

 

"चित्र चांगलं दिसावं म्हणून."

चित्र ट्रंकेवर ठेवलेलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या हातात दिलं.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय चांगलं."