पोरक्या नोंदी

आमच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड-खोलीत सव्वीस वर्षं फायलीताईंचं राज्य होतं. पाठीमागे सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे; तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, शेजारच्या टेबलावर बसून माझीही नाही.

कागदी फायलींच्या काळात पेशंटचा नंबर बदलला की ताई कव्हरवरच्या जुन्या नंबरवर काट मारून नवा लिहायच्या. आतले कागद दोऱ्यात ओवलेले, ते जातात कुठे! त्यामुळे सगळ्यांना नवे नंबर द्यायचं ठरल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवरही तेच केलं. कॉम्प्युटरवाला "मी येईपर्यंत थांबा" म्हणाला होता. पण थांबणं ताईंच्या रक्तातच नाही. दोन दिवसांत दोनशे चौदा नंबर बदलून मोकळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसायच्या, उठायच्या, पुसलेला चष्मा पुन्हा पुसायच्या. मी वैतागलो.

"ताई, बसा हो एका जागी!"

"अरे, आज एकाच्याही कार्डावर 'अमुक औषध चालत नाही' असं नाही. एवढे धडधाकट लोक इस्पितळात येतात कशाला?"

मी हसलो, त्या नाही. त्यांनी एका निवृत्त ड्रायव्हरचं कार्ड उघडलं. पेनिसिलिनने हा माणूस एकदा मरता मरता वाचला होता आणि ते ताईंनीच टाइप केलं होतं. पडद्यावर होतं, 'नोंद नाही'.

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो ओरडलाच. "अहो, ही काय फाईल आहे? औषधांची यादी वेगळी, तपासण्यांची वेगळी. तिथल्या नोंदी पेशंटला फक्त जुन्या नंबरावरून ओळखतात. एका जागी बदलला की सगळीकडे आपोआप बदलेल, अशी गाठ आधी मारायची होती. आता सगळ्या नोंदी पोरक्या झाल्या! नंबर बदलण्याआधीच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून जुळवायला संध्याकाळ होईल."

ड्रायव्हर वरच्या वॉर्डात तापाने बरळत पडला होता. मी फोन ठेवेपर्यंत ताई जिन्यात पोचल्या होत्या. मी मागोमाग धावलो.

"सिस्टर, थांबा!" ताई दारातूनच ओरडल्या. "यांना पेनिसिलिन चालत नाही."

"पडद्यावर तर काहीच नाही."

"पडद्याला काय विचारता? मला विचारा!"

सिस्टरने भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

पण सगळ्यांचं लक्षात असायला ताई काही देव नव्हत्या. दुपारी आणखी एकवीस जण येणार होते. खाली येऊन त्यांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली. सतराव्या फोनवर एक बाई अशा भडकल्या, की मलाही ऐकू आलं.

"दर खेपेला सांगते मी! एकदाही लिहून घेतलं नाहीत का?"

खापर कॉम्प्युटरवर फोडावं म्हणून मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला. ताईंनी तो बाजूला सारला.

"घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून हरवलं. पुन्हा सांगा, लिहिते."