नाना आणि बाबांचं रिव्हॉल्व्हर

नाना कुणाला छत्री देतानासुद्धा तिचं टोक स्वतःकडे धरत. हवा मारायची नळी असो, ड्रिल असो नाहीतर भाजीची सुरी, तिचा रोख माणसाकडे जाता कामा नये. भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमधले लोक याची भरपूर टिंगल करायचे. कुणी मुद्दाम पेन रोखून "नाना, हात वर!" म्हणायचं. नाना हसायचे, पण बोटाने ते पेन बाजूला वळवायचेच.

तरुणपणी ते लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं दुरुस्त करत. निवृत्तीनंतर आमच्याकडे इन्स्पेक्शनला आले, तेव्हा क्वालिटीची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती. चाकणच्या कंपन्यांना जाणारा प्रत्येक पार्ट त्यांच्या हाताखालून जायचा. ऑपरेटर म्हणाला, "नाना, साइज बरोबर आहे," की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "कोन म्हनलं?" मशीन दाखवतंय, असं उत्तर मिळालं तर म्हणायचे, "मग मशीनलाच बोलव सही करायला." माल गाडीत भरायची घाई असताना हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. सांगवीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटात त्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. आजोबा चाकणकडच्या एका गावचे पाटील, त्यांच्याकडून ते बाबांकडे आलेलं. परवाना बाबांच्या नावावर होता आणि त्यांच्याबरोबर तोही संपला, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आई दर दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर तेही चिंचेने घासायची, हळदकुंकू वाहायची आणि परत कपाटात ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत मी हे सहज बोलून गेले, तर नानांचा घास हातातच राहिला.

"पोरी, मानूस गेल्यावर त्याचं हत्यार ठान्यात जमा करावं लागतं. तुमी दोन वर्सं बिनपरवान्याचं घरात ठिवलंय. उद्या कुनी तक्रार केली तर धरतील कुनाला? कपाटाची किल्ली कुनाकडं असती?"

किल्ली आईच्या कमरेला असायची.

मी घाबरून काकांना फोन केला. ते म्हणाले, "बायकांच्या घरात कशाला हवंय ते? इंद्रायणीत टाका आणि मोकळ्या व्हा." माझं डोकंच फिरलं. मला भाऊ नाही, बाबांची वारस मीच. आईला या भानगडीतून सोडवायचं आणि परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रविवारी नाना घरी आले. आईने कपाट उघडलं. त्यांनी आधी विचारलं, "रिकामं हाय का?"

"रिकामंच आहे," मी म्हणाले.

"कोन म्हनलं?"

"बाबा म्हणायचे."

नानांनी आम्हा दोघींना आतल्या खोलीत जायला सांगितलं. बऱ्याच वेळाने त्यांची हाक आली. टेबलावर भिंतीकडे तोंड करून रिव्हॉल्व्हर उघडं पडलं होतं आणि शेजारी एक गोळी. आई कित्येक दसरे ते मांडीवर घेऊन घासत आली होती. मी खालीच बसले. नाना आईला चकार शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "ऐकलेलं रिकामं निराळं, बघितलेलं रिकामं निराळं. आता तूबी बघ." मी बघितलं, तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

मग त्यांनी भिंग काढलं. चिंचेने वरचा काळा मुलामा उडाला होता, गंज चढला होता आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे पार गेले होते. नंबर परवान्याशी जुळला नाही तर हत्यार बदललं असा संशय येणार. मी म्हटलं, "एवढंच ना? वर्कशॉपमध्ये नंबरचे पंच आहेत. परवान्यावर बघून दोन आकडे ठोकून टाकते, पाच मिनिटांचं काम." आमच्या धंद्यात पुसट नंबरावर पुन्हा पंच मारणं ही रोजचीच गोष्ट.

नाना माझ्यावर ओरडले ते तेवढं एकदाच. "आज तुझी आई नुसती चुकलीया. तू पंच मारलास तर तुमी दोघी गुन्हेगार व्हाल. हात लावायचा न्हाई!"

त्यांनी माझ्याकडून ठाण्याला अर्ज लिहून घेतला. त्यात दोन वर्षांचा उशीर, ती गोळी, चिंच, सगळं खरं लिहायला लावलं. हत्यार अमुक दिवशी घेऊन या, असं ठाण्याचं पत्र आल्यावरच आम्ही निघालो. रिव्हॉल्व्हर कुलपाच्या पेटीत, गोळी वेगळ्या डबीत, दोन्ही गाडीच्या डिकीत आणि पत्र माझ्या पर्समध्ये. पेट्रोल आदल्या दिवशीच भरून घ्यायला लावलं होतं. वाटेत मी चहाचं नाव काढलं, तर म्हणाले, "च्या नंतर. डिकीत हत्यार हाय आन् तू टपरीवर उभी ऱ्हानार व्हय?"

ठाण्यातल्या हवालदारांनी नंबर पाहिला, परवाना पाहिला आणि मान हलवली. "मॅडम, हे जुळत नाही. साहेबांना सांगावं लागेल." नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमची परवानगी असंल तर तुमच्यासमोर मुठीचं लाकूड खोलतो." परवानगी मिळाली. खिशातल्या छोट्या पेचकसाने त्यांनी स्क्रू सोडवला. लाकडाखाली, जिथे आईची चिंच कधीच पोचली नव्हती, तिथे अख्खा नंबर जसाच्या तसा ठळक होता. हवालदारांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळे जुळले. उशिराबद्दल समज मिळाली आणि हातात पावती पडली.

बाहेर येऊन मी आनंदाने सांगितलं, "नाना, आता लायसन माझ्या नावावर करते."

"कर की. पर आईला इचारलंस का? गोळी निघाली तवा तू बसलीस. ती न्हाई दचकली. तिचं तोंड बघितलंस का तू?"

मला ते आवडलं नाही. आमच्या घरातलं यांना काय कळतंय, असं वाटलं. मी अर्ज भरला आणि नानांशी काही दिवस कामापुरतंच बोलले. ते नेहमीसारखेच वागत राहिले.

चार महिन्यांनी नाना हृदयविकाराने गेले. स्मशानातून घरी आले, तर आईने माझ्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. मी दारातच विचारलं, "आई, ते रिव्हॉल्व्हर तुला घरात हवंय का?"

"नको गं," ती लगेच म्हणाली. जणू उत्तर केव्हाचं तयार होतं. "तुझे बाबा चिडले की त्या कपाटाकडे बघायचे. काढलं कधीच नाही. नुसतं बघायचे. दसऱ्याला कुंकू वाहताना मी एकच मागायची, यांच्या हातून काही होऊ देऊ नकोस."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

काकांनी मला गृहीत धरलं म्हणून मी पेटून उठले होते आणि आईला मी स्वतः गृहीत धरलं होतं. एका रविवारी घरी आलेल्या माणसाला जे दिसलं, ते मला जन्मभर तिच्याजवळ राहून दिसलं नाही, याची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला आणि रिव्हॉल्व्हर कायमचं सरकारजमा करा, असं लिहून दिलं. ठाण्याच्या पायरीवरूनच आईला फोन लावून सांगितलं. ती पलीकडे कितीतरी वेळ रडत होती. मी फोन ठेवला नाही.