विहिरीची चार पानं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ताज्या छपाईच्या शाईचा वास आला की मला अकोल्याच्या कडेचा आमचा ले-आउट, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसलेली आमची वसाहत, आणि त्याच्या स्मरणिकेचं प्रकाशन आठवतं. परिसराचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे होतं. शेजारच्या बौद्ध वस्तीतले एक निवृत्त पोस्टमन तीन दुपारी माझ्यासोबत उन्हात फिरले. नाला कुठून वळायचा, कापसाची पऱ्हाटी कुठवर होती, सगळं दाखवलं. इथली पहिली विहीर त्यांच्या आईनं वस्तीतल्या बायांना घेऊन खोदली होती, आणि ले-आउटची पहिली घरं त्याच पाण्यावर उभी राहिली. हे त्यांनी मला चार पानांवर लिहून दिलं. ले-आउटच्या सोसायटीचे अध्यक्ष ती वाचून हसले, "सर, आपली सुरुवात त्या वस्तीपासून दाखवता काय? लोक काय म्हणतीन?" मी वाद घातला नाही, पानं काढून टाकली. प्रकाशनाला पोस्टमन मुलीसोबत पहिल्या रांगेत बसले होते. भाषणं चालू असताना ते स्मरणिकेच्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होते, आणि मी मंचावरून ते बोट पाहत होतो. शेवटचं पान झाल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. मग मंडपात त्यांनी मला गाठलं. "सर, माह्या मायचं नाव कोन्या पानावर हाय? मले तं सापडून नाही राहिलं." "प्रेसवाल्यानं पानं गाळली," मी म्हणालो. त्यांनी उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, तुमी तं मेहनत केली. पोरी, सरांले चहा आन." तो चहा मी प्यायलो. आता ते नाहीत. ती चार पानं मला छापायची आहेत, आणि ती मीच गाळली हे त्यांच्या मुलीला सांगायचं आहे.