शंकरभाऊंचा स्पीकर आणि धानाची ढोली

कोळशाच्या खाणीत नोकरी केलेल्या माणसाच्या दोन गोष्टी कितीही घासल्या तरी निघत नाहीत. एक नखातली काळी रेघ, आणि दुसरे किस्से! डबा खायला बसलो की रोज एक नवा घडायचा, जुना कोणी काढला की त्यावर आणखी एक चढायचा. सगळे सांगत बसलो तर तुमचा चहा थंडा होईल. म्हणून आज फक्त स्पीकरचे सांगतो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि आमची खाण माजरीकडे. मी तिथे बिजलीवाला होतो. माझ्या तारेला कोणी हात लावला की माझं डोकं फिरायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे शंकरभाऊ सुरुंगवाले. कोळशाच्या भिंतीला भोकं पाडून बारूद भरायची, सगळ्यांना लांब पिटाळायचं आणि बत्ती द्यायची, हे त्यांचं काम. पण जीव सगळा मृदंगात. शनिवारच्या भजनात शंकरभाऊ नसले तर आम्ही नुसते ओरडतोय असं वाटायचं.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापतात, म्हणजे आवाज खाली उतरतो, घुमतो. त्या वर्षी शंकरभाऊंचा गोळा वाढायला लागला. थापायचे, वाजवायचे, मान हलवायचे. "नाई घुमून राह्यला जी! आन अजून!" आम्हाला वाटलं, हवेचा दोष असेल.

एका शनिवारी त्यांच्या पत्नी रखमाबाई रिकामी परात घेऊन थेट भजनात आल्या. "घरातली कणीक सरली! आता मृदंगच तव्यावर टाकू का?"

अख्खी मंडळी हसली. शंकरभाऊही हसले, पण आमचे चेहरे पाहून, सगळ्यांच्या मागून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना खाणीच्या डॉक्टरांकडे नेलं.

* * *

खाणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुरुंगांनी कान खाल्ले. बारीक आवाज गेले, जाड थोडे शिल्लक आहेत, तेही जातील. शंकरभाऊंना खालून काढून वर दिव्यांच्या खोलीत, कामगारांचे दिवे द्यायला-घ्यायला बसवलं.

आणि त्याच सुमारास नागभीडकडून आलेल्या एका माणसाने निरोप आणला. शंकरभाऊंना मृदंग शिकवला ते आबाजी गुरुजी नागपूरच्या रेडिओवर वाजवणार! दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, संध्याकाळी. म्हातारा आयुष्यभर देवळाच्या ओट्यावर वाजवत आला, आता सगळा मुलूख ऐकणार.

आमच्यात रेडिओ एकच, स्टोअरमधल्या जोशीबाबूंचा. जोशीबाबू पुण्याकडचे, एकटे राहायचे, रेडिओ त्यांचा संसार. आम्ही शंकरभाऊंना त्यांच्या क्वार्टरमध्ये नेलं. कुठल्याशा स्टेशनवर पखवाज सापडला. शंकरभाऊंनी कान पेटीला चिकटवला, मग दुसरा चिकटवला.

"ही तं आगपेटी वाजून राह्यली," म्हणाले. "उजवा हात मले आता आयकू येतच नाई. पण डावा धुम करून आला तं आयकू येते. मले गुरुजीचा डावा हात एक डाव आयकाचा हाय. मंग जाऊ दे कान कुठी जाते थे."

हे त्यांनी इतकं साधं सांगितलं की जोशीबाबूंनी घाईघाईने चष्मा पुसायला घेतला. "शंकरराव, या पेटीतला स्पीकर बशीएवढा आहे. मोठा स्पीकर बाहेर लावला, त्याला नीट घर दिलं, की डावा हात येईल. मी वाचलंय."

बस! त्या दिवसापासून आम्ही सगळे इंजिनियर झालो.

* * *

स्पीकर मिळाला तो एका बंद पडलेल्या तंबू टॉकीजचा. चांगला परातीएवढा. मालकाने फुकट दिला, कारण त्याचा कागदी पडदा एका बाजूने फाटला होता. रखमाबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? ठेवा इथी." पतंगाचा कागद, तांदळाची घट्ट पेज, असं सुरेख ठिगळ लावलं की जोशीबाबू वा वा करत राहिले. मग स्पीकर वाळायला बाजेवर उन्हात ठेवला.

अर्ध्या तासाने पाहतो तर शेजारची शेळी बाजेवर दोन पाय ठेवून उभी! ठिगळ पेजेसकट फस्त, आणि आता उरलेल्या पडद्याला जीभ लावत होती.

रखमाबाईंनी शेळी हाकलली, पुन्हा पेज शिजवली. या वेळी वाळेपर्यंत जोशीबाबू स्वतः छत्री आणि काठी घेऊन बाजेजवळ बसले. येणारा-जाणारा विचारायचा, "काऊन जी जोशीबाबू, पापड का?" ते गंभीरपणे सांगायचे, "हो."

* * *

आता घर कसं द्यायचं? जोशीबाबूंकडे एक इंग्रजी मासिक होतं. त्यातलं चित्र त्यांनी जमिनीवर खडूने काढलं. पेटीच्या आत भिंती, भिंतींमधून वळणं, आवाज मागून निघून फिरत फिरत पुढे येणार. आमचे विठोबा मिस्त्री म्हणजे खाणीचे सुतार. खाली छत पडू नये म्हणून लाकडाचे टेकू ठोकण्यात त्यांची हयात गेली. ते चित्राभोवती दोनदा फिरले.

"जोशीबाबू, ही तं खाण होय! हवा कुठून घुसते अन् कुठून निंघते? इथी कोपऱ्यात तं माणूस गुदमरून मरन!"

"मिस्त्री, आत माणूस जायचा नाही. आवाज जायचा आहे."

"थो का बिना हवेचा जाते?"

जोशीबाबू विचारात पडले. प्रश्न खोटा नव्हता! शेवटी ठरलं, भानगड नको. सरळ चौकोनी खोका, पुढे स्पीकर, खाली एक भोक. सगळ्यात सोपं.

मिस्त्रींनी आलापल्लीच्या सागवानाच्या फळ्या मिळवल्या. दार लावून काम केलं, कोणाला पाहू दिलं नाही. झाल्यावर खोका उचलायला चार गडी लागले. स्पीकर जोडला, रेडिओ लावला. आवाज असा, की कोणी गोधडीत तोंड खुपसून बोलतोय. शंकरभाऊंनी हात लावून पाहिला आणि नुसती मान हलवली.

मी मागची फळी काढली. आत पाहतो तर टेकूच टेकू! उभे, आडवे, तिरपे, प्रत्येकाला पाचर ठोकलेली. रॉकेलचा डबा मावेल एवढीसुद्धा जागा उरली नव्हती.

"मिस्त्री, हे काय बे केलं?"

विठोबा मिस्त्रींनी खोक्यावर थाप मारली. "काई म्हणा. छत पडणार नाई!"

* * *

मग जोशीबाबूंना मासिकात आणखी सोपी युक्ती सापडली. खोकाच नको! भिंतीला भोक पाडायचं आणि स्पीकर भिंतीत बसवायचा. पुढचा आवाज या खोलीत, मागचा त्या खोलीत, दोघांची भेटच नाही, म्हणजे भांडण नाही. जोशीबाबूंच्या भिंतीपलीकडे परबताबाईंचं स्वयंपाकघर. परबताबाई म्हणजे पंपवाल्याची आई, वसाहतीत त्यांना ओव्हरसियरसुद्धा वळसा घालून जायचा. पण त्यांनी चक्क परवानगी दिली. "पाडा भोक. मलेबी गाणे आयकू येतीन."

आवाज छान आला! जाड, मोकळा. शंकरभाऊ भिंतीला गाल लावून उभे राहिले. "येऊन राह्यला, थोडा थोडा येऊन राह्यला." मिस्त्री नाचायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडून भिंतीवर लाटणं आपटायला लागलं. बातम्या लागल्या की धाड्! "गाणे लावा ना जी! या बाप्याचं बोलणं कायले आयकू?" शास्त्रीय गाणं लागलं की धाड् धाड्! जोशीबाबू बिचारे निमूट स्टेशन बदलायचे. स्वतःच्या रेडिओवर स्वतःच्या मनाचं ऐकायची त्यांना चोरी झाली.

चार दिवसांनी स्पीकर खरखरायला लागला. मी तार तपासली, माझी तार ठीक. पलीकडे जाऊन पाहिलं. भिंतीतल्या त्या कोनाड्यात, स्पीकरच्या पाठीवर, परबताबाईंनी लसणाची गड्डी, मिठाची बरणी आणि सुक्या मिरच्या नीट रचून ठेवल्या होत्या.

"परबताबाई, हा स्पीकर आहे!"

"मंग? मी का त्याले गाऊ नोको म्हणतलं?"

ओव्हरसियरसाहेबांनी भिंत पाहिली आणि भोक बुजवायला लावलं. क्वार्टर कंपनीचा, त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण दिवाळी दारात आली होती आणि आमच्याकडे ना खोका, ना भिंत. मी त्या दिवशी घरी विनाकारण बायकोवर ओरडलो.

* * *

"मायी ढोली रिकामी हाय," रखमाबाई म्हणाल्या.

आमच्याकडे धान भरायला बांबूची विणलेली मोठी कणगी असते, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. तिला आम्ही ढोली म्हणतो. नवं धान घरात यायचं होतं, तोवर तळाशी बोटभर जुनं धान तेवढं पडलेलं. विठोबा मिस्त्रींनी ढोलीच्या तोंडाएवढी गोल फळी कापली, मध्ये स्पीकर बसवला, आणि ती ढोलीवर झाकणासारखी ठेवली. टेकू एकही नाही! आम्ही त्यांना आधीच शपथ घातली होती.

जोशीबाबूंनी आपला रेडिओ शंकरभाऊंच्या घरी आणून ठेवला. ढोलीला खाली धान काढायचं छोटं तोंड असतं, त्यातून मी तार आत घेतली आणि तिथेच आतल्या बाजूला जोड दिला. पहिला आवाज निघाला आणि घर दणाणलं. मांडणीवरचे पितळी गडू थरथरले. "तळाचं धान आता काढू नका!" जोशीबाबू ओरडले. "त्यानेच आवाज आवरलाय!"

शंकरभाऊंनी दोन्ही तळवे ढोलीच्या पोटावर ठेवले. रेडिओवर कुणी मामुली तबला वाजवत होता.  मग तोंड उघडं ठेवून आमच्याकडे पाहिलं, जसं बाळ पाहतं. "आला," म्हणाले. "धुम आला."

रखमाबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि शेणाची पाटी घेऊन बाहेर आल्या. ढोली बंद केली की लिंपायची, ही त्यांच्या हाताची सवयच. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत फळीची कड चौफेर लिंपून मोकळ्या झाल्या. आता माझ्या जोडापर्यंत पोचायला खालचं छोटं तोंड तेवढं उरलं. मी चिडलो, पण आवाज आणखीच घट्ट झाला होता, मग काय बोलणार?

* * *

गुरुजींच्या कार्यक्रमाला वसाहत लोटली. परबताबाई सगळ्यात पुढे, लाटणं घरी ठेवून. शंकरभाऊ धुतलेलं धोतर नेसून ढोलीला टेकून बसले, तळवे तिच्या पोटावर, डोळे मिटलेले. निवेदकाने आबाजी गुरुजींचं नाव घेतलं. ते त्यांना ऐकू आलं नसावं. रखमाबाईंनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, सुरू झालं.

काय वाजवलं म्हाताऱ्याने! मला मृदंगातलं काही कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. शंकरभाऊंची बोटं ढोलीवर हलायला लागली. समेवर तळवा पडायचा, थप! पुन्हा फिरून, थप! ओठ हलत होते.

आणि मधेच जोशीबाबूंनी पाय आखडला. तारेला हिसका बसला. सगळं गप्प!

रेडिओच्या पेटीत दिवा तसाच चालू, पण स्पीकर मेला. आतला जोड सुटला होता. जोशीबाबूंचा चेहरा पांढराफटक पडला. मी पालथा पडलो, खालच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घातला आणि धानात तारेचं टोक चाचपायला लागलो. वर पाहिलं तर शंकरभाऊ तसेच बसलेले. डोळे मिटलेले, बोटं चालू, मान डोलते आहे. थप! ... थप!

 त्यांच्या तळव्याखाली ढोली निश्चल होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. विठोबा मिस्त्रींनी त्यांना हलवायला हात पुढे केला. रखमाबाईंनी तो हात धरला आणि नुसतं नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी धान उकरत होतो आणि देवाला शिव्या देत होतो, खोटं कशाला सांगू.

एक टोक सापडलं. मग दुसरं. बोटांनीच दाबून धरली दोन्ही.

धुम!

गुरुजींचा डावा हात ढोलीतून आला, आणि त्याच क्षणी, त्याच मात्रेला, शंकरभाऊंचा तळवा पडला. थप! परबताबाईंनी तोंडावर पदर दाबला.

मी तशीच टोकं दाबून पालथा राहिलो, कार्यक्रम संपेपर्यंत. शेवटची सम झाली. शंकरभाऊंनी डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मोठ्याने, पार बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"पाह्यलं का? या वयातबी आज गुरुजी कुठीच थांबले नाई!"