आखाजीत बायको आणायला गेलो ते

लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. सौ. भडगावजवळच्या माहेरी निघाली तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "राहा हवी तितकी. माझं काय, मी करून खाईन." मी धुळ्याला कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला बराच सुधारलेला नवरा समजत होतो.

ही सुधारणा चार दिवस टिकली. खिचडी रोज खालून करपे आणि वरून कच्ची राही. शेवटी पातेलं उतरवताना हात भाजला. मी फडकं बांधलं, रजा मागितली आणि चाळीसगावची गाडी धरली. तिथं गाडी बदलून कजगावला उतरलो आणि बैलगाडीनं सासुरवाडीला पोचलो तो आखाजीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी.

दारातल्या निंबाला झोका बांधलेला होता. माहेरवाशिणी झोके घेत होत्या, त्यांत सौ.ही होती. मला पाहून ती झोक्यावरून उतरलीसुद्धा नाही.

सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मी म्हणालो, "भडगावला जरा काम होतं, म्हटलं जाता जाता हिलाही घेऊन जावं."

त्यांनी माझ्या हाताच्या फडक्याकडे पाहिलं. "गवराई बी आजून माहेरलेच शे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिना संकर वाट देखस. तुम्हीन बी देखा."

घरात गवराईची लाकडी मूर्ती मांडली होती, शेजारी गहू पेरलेली टोपली. गवराई म्हणजे पार्वती, ती या दिवसांत माहेरपणाला येते, ही तिकडची समजूत. आता शंकराशी बरोबरी झाल्यावर गप्प बसावं की नाही? पण मला पुराण येतं, हे सासऱ्यांना दाखवायचं होतं.

"आबा, पुराणात निराळंच आहे," मी सुरू केलं. "आधीच्या जन्मी देवी माहेरी गेली ती बापाच्या यज्ञाला, आणि तिथं तिनं..."

तिनं काय केलं ते आठवून मी थांबलो, पण उशीर झाला होता. सणासुदीला, माहेरी आलेल्या पोरीच्या बापाला मी सतीची गोष्ट सांगत होतो. आतल्या बांगड्यांचा आवाजही थांबला.

आबांनी सावकाश सुपारी कातरली. मग म्हणाले, "तिथं सासऱ्यानं जावयाचा मान ठेवला नव्हता, असंच ना?"

"हो."

"आम्ही ठेवू. उठा, जेवायला बसा."

आणि त्यांनी मान ठेवला. दुसऱ्या दिवशी तर पुरणपोळी आणि आमरसाचा इतका मान ठेवला की मला पाटावरून उठवेना. बाहेर पोरींनी गाणं जुळवलं होतं, 'धुयाना संकर उपाशी उना', म्हणजे धुळ्याचा शंकर उपाशी आला. आवाजांत सौ.चा आवाज मला स्पष्ट ओळखू आला.

संध्याकाळी ती पाणी घेऊन आली. "खिचडी?" तिनं फडक्याकडे बघून विचारलं.

"दिव्यानं भाजलं."

"बरं," ती म्हणाली. "मी दादाबरोबर आठवड्यानं येते. तोवर शेजारच्या काकूंकडे जेवा, मी निघतानाच सांगून ठेवलंय त्यांना. तुम्ही गेलाच नाहीत का?"

मी गेलो नव्हतो. करून खाईन असं म्हणून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी गवराईची पाठवणी. बायका टोपली घेऊन गिरणा नदीकडे निघाल्या, तशी सासूबाईंनी ती माझ्या डोक्यावर ठेवली. "तुम्हीन संकरनाकडला. तिले तुम्हीनच ली जा."

सबंध गावातून मी ती नेली, गव्हाचे अंकुर कपाळावर लोंबत होते. लोक ओट्यावरून बघत होते. पाण्याशी आल्यावर हसणं थांबलं. एकेक बाई टोपलीला हात लावी आणि पदर डोळ्यांना लावी. सासूबाई तर लेक पाठवावी तशा रडल्या. सौ. त्यांना धरून उभी होती. तिला मी कालच बरोबर चल म्हणणार होतो, ते तेव्हा मनातल्या मनातही म्हणवेना.

मी एकटाच परतलो, सांजोऱ्यांचा डबा घेऊन. पुढच्या आखाजीला तिला पोचवायला मीच गेलो आणि रजा काढून तिथेच राहिलो. आबांनी विचारलं, "कचेरीचं काय?" मी म्हटलं, "आखाजीले बठ्ठं, अगदी सगळं बंद शे." माझी खानदेशी ऐकून ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.